सुरुची मॅडमच्या घरचं विरजण

सुरुची मॅडम चिडल्या की त्यांच्या हातातला खडू मोडतो, अशी त्यांची कॉलेजात ख्याती आहे. खोटी नाही. एका शिक्षकदिनाला पोरांनी त्यांना खडूंचा अख्खा खोका भेट दिला होता, आणि मॅडमनी तो हसत हसत घेतलाही होता. त्या मायक्रोबायॉलॉजी शिकवतात. मूळच्या विट्याच्या. नवऱ्याची नोकरी पीथमपूरच्या कारखान्यात, म्हणून लग्नानंतर इंदूरला आल्या. आता इतकी वर्षं झालीत की भाजीवाल्याला ‘भिया, बराबर लगाओ ना, रोजचीच आहे मी’ असं म्हणताना आपण कुठल्या भाषेत बोलतोय, हे त्यांचं त्यांनाही कळत नाही. मॅडम त्या कॉलेजात. इथं आपण त्यांना नुसतं सुरुचीच म्हणू.

तर या सुरुचीच्या डोक्यात एक किडा वळवळत होता. बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला सांवेर-हातोदकडून बसनं जी मुलं येतात, त्यांतली निम्मी दुसऱ्या वर्षी दिसेनाशी होतात. हे सगळ्या कॉलेजला ठाऊक होतं आणि कुणाला त्याचं काही म्हणता काही वाटत नव्हतं. ‘झेपत नाही हो त्यांना,’ असं म्हणून स्टाफरूम चहा प्यायला मोकळी. सुरुचीला ते पटेना. तिनं गेलेल्या मुलांना एकेक करून फोन लावले. कुणी बी.ए.ला गेलं होतं, कुणाचं लग्न ठरलं होतं, एकजण सियागंजात एका व्यापाऱ्याकडे मालाच्या गाड्या उतरवून घ्यायला लागला होता. नापास कुणीच नव्हतं! ‘मग सोडलंस का रे?’ असं त्या सियागंजवाल्याला विचारलं, तर तो म्हणाला, ‘मॅडम, वो अपने लिए थोडी था.’

झालं. ते वाक्य तिच्या मानगुटीवर बसलं. आपल्यासाठी नव्हतं म्हणजे काय? पण मग तिनं स्वतःच्याच प्रॅक्टिकलकडे नीट पाहिलं. उत्तर आधीपासून ठरलेलं. मागच्या वर्षीच्या मुलांच्या जर्नलातून आकडे उतरवायचे, बरोबर आले की सही. असल्या विज्ञानात पोरांनी जीव तरी कशाला लावायचा?

म्हणून तिनं शनिवारचा गट काढला. निवडक हुशारांचा नाही, ज्यांना यायचंय त्यांचा. आणि प्रयोगाला विषय घेतला विरजणाचा. प्रत्येकानं आपल्या घरातलं विरजण आणायचं, इथं निर्जंतुक दुधात रोज ते पुढे चालवायचं, दही किती वेळात लागलं, किती आंबट झालं, ते फळ्यावर लिहायचं. कुणाच्या घरच्या दह्यात कुठले जीवाणू आहेत, ते वेगळे का आहेत, याचं उत्तर पुस्तकात नव्हतं आणि सुरुचीलाही ठाऊक नव्हतं. हातोदचा धनेश मातीच्या बोळक्यात आणायचा. अनीशच्या वडिलांचं सियागंजात किराण्याचं मोठं दुकान, तो फुलांच्या नक्षीच्या डब्यात. स्वानंदी इंदूरच्याच जुन्या मराठी घरातली, कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, तिनं पहिल्या दिवशी डेअरीच्या दह्याची पिशवी आणली तेव्हा बाकीचे जे खिदळले! इंग्रजीत फाडफाड बोलणारी ती, पण घरात विरजणच नाही. त्या दिवशी पहिल्यांदा मागच्या बाकांवरची पोरं पुढे सरकून बसली.

गटाचा नियम एकच होता, फळ्याच्या कोपऱ्यात लिहिलेला, आणि सुरुचीला त्याचा भारी अभिमान. आकडा चुकला तरी चालेल, राहिला तरी चालेल. पण का राहिला, ते शनिवारी सगळ्यांसमोर उभं राहून सांगायचं. अनीश सांगायचा, ‘मॅडम, मामाच्या लग्नात नाचत होतो,’ आणि सगळे हसायचे. लपवायचं काही नाही, लाजायचं काही नाही, असं सुरुची म्हणायची. किती सोपं वाटायचं तिला ते!

आता यमुना. सांवेरच्या पंढरीनाथ जाधवांची मुलगी. पंढरीनाथ सांवेरला रस्त्याकडेच्या शेडमध्ये ट्रॅक्टर दुरुस्त करतात. जाधव मूळचे मराठे, कधीकाळी होळकरांच्या फौजेबरोबर आलेले. घरात मराठी बोलतात खरे, पण त्या मराठीत निम्मी माळवी. यमुना घरातली कॉलेजात आलेली पहिलीच. पहिली दोन वर्षं ती वर्गात अशी बसली की हजेरीतला ‘यस मॅडम’ सोडला तर तिचा आवाज कुणी ऐकला नव्हता. विरजणाचा प्रयोग सुरू झाला आणि तिच्या नळीतलं दही सगळ्यांच्या आधी लागायला लागलं, आंबटही सगळ्यांत जास्त. एका शनिवारी ती आपली आपण उठली आणि म्हणाली, ‘मॅडमजी, आमच्याच घरचं इतकं खट्टं का होते? पाणी वेगळं आहे म्हणून, की आमच्या गाई वेगळ्या आहेत म्हणून?’

सुरुची त्या दिवशी घरी अक्षरशः उडत गेली. नवऱ्याला, ऋग्वेदला, तिनं जेवताना तीनदा तोच प्रश्न ऐकवला. ‘अरे, तिनं विचारलं! कुणी सांगितलं नव्हतं, तिचं तिनं विचारलं!’ त्याच रात्री तिनं मनाशी पक्कं केलं की ही मुलगी चौथ्या वर्षाला थांबली पाहिजे. चौथं वर्ष म्हणजे संशोधनाचं वर्ष, त्यातून पुढे एम.एस्सी. पंढरीनाथांचं म्हणणं होतं, तीन वर्षं पुष्कळ झाली, मग शाळेत शिकवायचा कोर्स करील आणि आम्ही स्थळ बघू. यमुना काहीच म्हणत नव्हती. पण तिच्या डोळ्यांत सुरुचीला दिसत होतं की तिला थांबायचंय.

आणि मग एका गुरुवारी सुरुचीनं प्रयोगशाळेतला फ्रिज उघडला.

ती दुसरंच काही शोधत होती. हाताला यमुनाची नळी लागली. तिच्यावर सोमवारची तारीख. आतलं दही जुनं, पाणी सुटलेलं. म्हणजे सोमवारनंतर ती नळी कुणी पुढे चालवलीच नव्हती. सुरुचीनं मान वर करून फळ्याकडे पाहिलं. यमुनाच्या नावापुढे मंगळवारचा आकडा होता, बुधवारचाही होता. सुंदर अक्षरात, अगदी यायला हवे होते तसे.

दुसरं कुणी असतं तर ती बाजूला घेऊन बोलली असती. पण ही यमुना होती, आणि जिच्यावर सगळ्यांत जास्त जीव लावला तिनंच असं करावं, या रागानं सुरुची नुसती धुमसत राहिली. शुक्रवारी यमुना येऊन नळी बदलून गेली, तेही तिनं लांबून पाहिलं आणि तोंड उघडलं नाही. शनिवारी गट बसल्याबरोबर मात्र ती जुनी नळी टेबलावर ठेवून तिनं विचारलं, ‘यमुना, मंगळवार-बुधवारचे आकडे कुठून आले?’

यमुना उभी राहिली. ओढणीचं टोक मुठीत धरलेलं.

‘नळीला हात लावला नव्हतास. मग आकडे कुठून आले? कोरं का नाही सोडलंस?’

स्वानंदी खाली मान घालून बसली, धनेश खिडकीबाहेर बघायला लागला.

‘इथं कोरं सोडायला परवानगी आहे! फक्त कारण सांगायचं असतं. एवढंसुद्धा तुझ्यानं झालं नाही? यमुना, ही चोरी आहे. आकडे चोरलेस तू.’

हातातला खडू मोडला की नाही, ते कुणाला आठवत नाही. यमुनानं पिशवी उचलली आणि ती निघून गेली. ती सोमवारी आली नाही, पुढच्या आठवड्यात आली नाही. फोन बंद. आणि चौथ्या वर्षाचे अर्ज तोंडावर आलेले. स्वानंदी एकदा दबकत येऊन म्हणाली, ‘मॅडम, तिच्या गाववाल्या मुली सांगत होत्या, ती अब नहीं आएगी.’ सुरुची वरवर म्हणाली, ‘खोटं लिहिणाऱ्याला बोलायचंसुद्धा नाही का?’ पण आतून ती पार कोसळली होती. जी मुलं गळतात म्हणून हा सगळा खटाटोप मांडला, त्यांतली सगळ्यांत चांगली मुलगी तिनं स्वतःच्या तोंडानं घालवली होती.

आता सुरुचीच्या घरात चला. घरात ती, ऋग्वेद, आणि सासूबाई इंदुमतीबाई. सासरे गेल्यावर इंदुमतीबाई विट्याहून कायमच्या इकडे आल्या. बाई मायाळू. सुनेला एका शब्दानं दुखवायच्या नाहीत, ती कॉलेजातून आली की चहाचा कप हातात आयता. फक्त जुनं वळण अंगात मुरलेलं. सुनेची पाळी आली की देव, लोणच्याची बरणी आणि विरजण, या तीन गोष्टींना तिनं हात लावायचा नाही. बाकी काही नाही. सुरुचीनं पहिल्यांदा तोंड उघडलं होतं, पण इंदुमतीबाईंचा चेहरा असा काही केविलवाणा झाला की तिनं विषयच सोडून दिला. वर्षानुवर्षं ते असं अंगवळणी पडलं की त्यात सोडून देण्यासारखं काही होतं, हेही ती विसरली.

यमुना गेली त्यानंतरचीच गोष्ट. संध्याकाळी सुरुची ओट्याशी पोळ्या लाटत होती. बाजूला दूध कोमट झालेलं. नेहमीसारखं तिनं हाक मारली, ‘ऋग्वेद, दुधाला विरजण तेवढं लाव रे. मला आज चालत नाही.’

आणि लाटणं तिच्या हातात तसंच राहिलं.

सोमवारपासून फ्रिजमध्ये पडलेली नळी. ओढणीचं टोक मुठीत धरून उभी राहिलेली पोर. समोर बसलेले अनीश, धनेश आणि बाकीची मुलं. आणि मॅडमचा तो लाडका नियम, कारण सगळ्यांसमोर सांगायचं! ‘अगं बाई गं,’ ती स्वतःशीच म्हणाली. ऋग्वेदनं विचारलं, ‘काय झालं?’ तर तिला सांगताही येईना. लाज तिला इतकी वाटली की पोळी करपली तरी वास आला नाही.

रविवारी ती सकाळच्या बसनं सांवेरला गेली.

पंढरीनाथ शेडमध्ये होते. ट्रॅक्टरखालून बाहेर आले, हात पुसले, ‘या मॅडमजी’ म्हणाले, पण चेहरा बंद. मागंच घर. यमुनाच्या आईनं, द्वारकाबाईंनी, खुर्ची दिली, पाणी दिलं आणि पाणी पिऊन होईपर्यंतही थांबल्या नाहीत.

‘माझ्या पोरीला चोर म्हटलं तुम्ही. साऱ्या पोरांसमोर.’

‘चुकलं माझं,’ सुरुची म्हणाली. ‘तेच सांगायला आलेय.’

‘तुमचं चुकलं ते तर चुकलंच. पण तिनं झूठ लिहिलं, ते तिचं चुकलं. मी काही तिची बाजू नाही घेत.’ द्वारकाबाई समोर जमिनीवर बसल्या. ‘सुनो मॅडमजी, कसूर माझा आहे. तिला विरजण दिलं ना कॉलेजासाठी, तेव्हा मीच कबूल करून घेतलं होतं. अडचणीच्या दिवसांत त्याला हात लावायचा नाही, इथंही नाही अन् तिथंही नाही. नासून जाते. ती म्हणली, मम्मी, नाही लावणार. तिनं माझा शब्द पाळला.’

यमुना आतल्या दारात उभी होती. सुरुचीनं तिच्याकडे पाहिलं. केवढ्या कात्रीत सापडली होती ही पोर! आईचा शब्द मोडायचा, की पोरांसमोर उभं राहून ते सांगायचं, की आकडे लिहून मोकळं व्हायचं. प्रॅक्टिकलला जे सगळे करतात, तेच तिनं केलं होतं.

मग द्वारकाबाईंनी विचारलं, ‘तुम्ही पाळता का नाही मॅडमजी, घरी?’

प्रश्न साधा होता. त्यात टोमणा नव्हता. आई आपली चाचपून बघत होती की आपली पोर कसल्या बाईच्या हाती दिलीय. सुरुचीच्या तोंडावर दोन्ही उत्तरं आली. ‘नाही’ म्हणालं तर दारातली मुलगी खूश होईल, पण ते धडधडीत खोटं. ‘हो’ म्हणालं तर खरं, पण मग त्या मुलीसमोर कुठल्या तोंडानं उभं राहायचं? यमुना तिच्याकडे एकटक बघत होती.

‘पाळते,’ सुरुची म्हणाली. ‘सासूबाई असतात घरी.’

द्वारकाबाईंचा जीव भांड्यात पडला. ‘मग झालं तर! मला तर धास्ती वाटत होती की तिथं काय काय शिकवतात. अहो, ऐकलं का, जाऊ द्या तिला.’ पंढरीनाथ दारातून म्हणाले, ‘हे वर्ष तर पुरं करू दे. पुढलं पुढं बघू.’ चहा आला, शेव आली, बोलणं सोयाबीनच्या भावावर गेलं. आपण जिंकलो की हरलो, ते सुरुचीला कळेना. मुलगी परत येणार होती, पण द्वारकाबाईंनी तिला सोडलं होतं ते मॅडम आपल्यासारख्याच आहेत म्हणून.

बसस्टँडपर्यंत यमुना सोडायला आली. तिनं मागं वळून बघितलं, घर दिसेनासं झालं होतं. मग म्हणाली, ‘मॅडमजी, खरंच नासतं का?’

‘नाही गं.’

‘तुम्ही लावून पाहिलं कधी?’

‘...नाही.’

‘मग कसं माहीत?’

सुरुचीकडे हातांवरच्या जीवाणूंची, आम्लाची, तापमानाची सगळी माहिती होती. पण मुलगी ते विचारत नव्हती.

‘मी लावून बघते,’ यमुना म्हणाली. ‘पण एकटीनं लावून काय कळणार? तुम्हीच तर म्हणता, एक नळी म्हणजे काहीच नाही. तुम्ही पण लावा.’

बस आली, कंडक्टर ओरडायला लागला. ‘हो, हो, लावते,’ असं म्हणत सुरुची चढली. फार चटकन म्हणाली ती.

पुढच्या शनिवारी सुरुचीनं सगळ्यांसमोर यमुनाची माफी मागितली आणि तो नियम फळ्यावरून पुसून टाकला. मग यमुना उठली. तिनं सांगितलं, काय झालं होतं आणि का. अनीश बुटांकडे बघत बसला. धनेशचे कान लाल झाले. स्वानंदीनं मात्र ताडकन हात वर केला, ‘मॅडम, मीसुद्धा करणार. आमच्या आजीकडून घेऊन येईन विरजण.’ आणखी दोघी तयार झाल्या. सुरुचीचं नाव तर यादीत होतंच. नळ्यांवर नावं नकोत, नुसत्या खुणा, म्हणजे मोजणाऱ्याला कुणाची कुठली ते कळणार नाही, हे यमुनानंच सुचवलं. मोजायला मुलगे.

तेवढ्यात धनेश बोलला, आणि तो बोलला ते चुकीचं नव्हतं. ‘इथली नळी तर कित्येक महिने इथंच आहे. घरात जे म्हणतात, ते घरच्या भांड्याचं म्हणतात. मग त्या दिवसांत घरच्या भांड्यातूनच काढून आणायला पाहिजे ना? स्वतःच्या हातानं?’

‘मुद्दा बरोबर आहे,’ सुरुची म्हणाली. आणि म्हणताक्षणी तिच्या लक्षात आलं की आपण स्वतःला कुठं अडकवून घेतलंय.

पुढचे दिवस तिचे कसे गेले ते तिलाच माहीत. वर्गात शिकवताना मध्येच तिला सासूबाईंचा चेहरा दिसायचा. काय सांगायचं त्यांना? ‘आई, हा प्रयोग आहे’ म्हणून सांगावं, तर मग इतकी वर्षं जे चाललं ते काय होतं? ऋग्वेदला विचारलं तर तो म्हणाला, ‘अगं, आईला कशाला सांगतेस? ती देवळात गेली की गुपचूप काढून घे.’ सुरुची त्याच्यावर उखडली, ‘गुपचूप? मग ती पोर काय वेगळं करत होती?’

तो दिवस आला. सकाळी सुरुचीनं चमचा उकळून घेतला, नळी घेतली, फ्रिज उघडला. दह्याचं भांडं समोर. मागं टेबलाशी इंदुमतीबाई मेथी निवडत बसलेल्या. त्यांना आज सुनेची अडचण आहे ते ठाऊक होतं, आणि सून फ्रिजपाशी उभी आहे तेही दिसत होतं. ‘काय हवंय गं? दही का? थांब, मी देते काढून,’ त्या म्हणाल्या आणि गुडघ्यावर हात टेकून उठायला लागल्या. इतक्या प्रेमानं की बस्स.

‘नको आई, असू द्या,’ सुरुची म्हणाली. आणि तिनं फ्रिजचं दार लावून घेतलं.

कॉलेजच्या रस्त्यावर रिक्षात तिला रडू फुटलं. तिला कुणी मारणार नव्हतं, घरातून काढणार नव्हतं, कॉलेज सोडवणार नव्हतं. नुसता एका म्हाताऱ्या बाईचा चेहरा उतरला असता. तेवढंही तिच्यानं झालं नाही.

शेवटी सगळ्या नळ्या झाल्या आणि तो शनिवार आला. अनीश आणि धनेशनं मोजलेले आकडे फळ्यावर लिहिले, मग खुणा उघडल्या. यमुनाचं दही लागलं होतं, नेहमीसारखंच सगळ्यांच्या आधी आणि सगळ्यांपेक्षा आंबट. स्वानंदीच्या आजीचं लागलं होतं. बाकी दोघींचंही. ‘इतक्यावरून सिद्ध काही होत नाही,’ यमुना म्हणाली, ‘पुन्हा करावं लागेल.’ पण बोलताना ती हसत होती. तिचं ते हसू सुरुचीनं पहिल्यांदाच पाहिलं.

‘आईला माहीत आहे?’ सुरुचीनं विचारलं.

‘तिच्यासमोरच काढलं मॅडमजी. लपवून नाही काढलं.’

‘मग?’

‘मग काय, मम्मी बोलेनाशीच झाली. त्या भांड्यातलं दही तिनं घेतलं नाही, काकूकडून दुसरं विरजण आणलं. पप्पांनी पण मला खूप सुनावलं.’ यमुना थांबली. ‘काल मी निघत होते, तर मम्मी मागून म्हणली, लागलं का गं ते?’

कुणीतरी टाळी वाजवली. मग अनीशनं फळ्याकडे बघून विचारलं, ‘मॅडम, आपकी वाली?’

सुरुचीच्या नावापुढची जागा मोकळी होती. सगळे तिच्याकडे बघत होते. काहीही सांगता आलं असतं. नळी फुटली, दूध नासलं, तारखा जुळल्या नाहीत. पोरांनी विश्वास ठेवला असता.

‘मी काढलंच नाही,’ सुरुची म्हणाली. ‘त्या दिवशी फ्रिजपर्यंत गेले. सासूबाई समोर होत्या. माझी हिंमत झाली नाही.’

इतकी वर्षं ती या पोरांना सांगत आली होती की घाबरू नका, विज्ञान तुमचं आहे. आता त्यांच्याकडे मान वर करून बघणं तिला जड गेलं. ही मुलगी आता आपल्याला काय समजेल, आणि आपल्यावर विसंबून चौथ्या वर्षाला कशाला थांबेल, असं तिच्या मनात आलं.

यमुना फळ्यापाशी गेली. त्या मोकळ्या जागेत तिनं काही लिहिलं नाही. हातातला खडू खाली ठेवून ती सुरुचीकडे वळली.

‘मॅडमजी, मी येऊ का तुमच्या घरी?’

‘कशाला गं?’

‘आईजींशी बोलायला. तुम्ही आल्या होत्या ना आमच्या घरी.’

स्वानंदीनं हसू दाबलं, पण यमुना हसत नव्हती. ती खरंच विचारत होती. सुरुचीला हसावं की रडावं ते कळेना.

‘चौथ्या वर्षाचं काय ठरलं तुझं?’ तिनं विचारलं.

‘अर्ज भरला मंगळवारी. पप्पा अजून नाहीच म्हणतात. भरला मी.’ आणि मग जरा अधीर होऊन, ‘सांगा ना, कधी येऊ?’

‘रविवारी ये,’ सुरुची म्हणाली. ‘पण थांब, आधी मी स्वतः बोलते त्यांच्याशी.’

‘बोला,’ यमुना म्हणाली. ‘नाहीच बोलवलं तुमच्यानं, तर मी आहे.’